झाकलेलं घमेलं

आई, आज आठवीच्या पोरांले मी रोपाची दांडी शिकवली, आणि शिकवता शिकवता तुझा इतका राग आला की वर्ग सोडून पाणी प्यायले बाहेर गेली. परत आली तर पोरं विचारतात, "मॅडम, क्या हुआ?" काय सांगू त्यांले? तुले जाऊन इतकी वर्षं झाली, माझे केस पांढरे झाले, आणि मी अजून शेजारच्या त्या पोरीवर जळून राहिली आहे?

मरोद्याले आपल्या कारखान्याच्या क्वार्टरमागं तुझी रोपं असत. फुटक्या घमेल्यांत टमाटर, मिरची, वांगी. सकाळी चहाच्या आधी तू उकिडवी बसायची आणि शेंड्यांवरून तळहात अलगद फिरवायची, दहा-बारा वेळा इकडून, दहा-बारा वेळा तिकडून. "कावून?" म्हणून मी विचारलं तर म्हणाली, "हात लागला का दांडी बुटकी अन् जाड होते. नाही तं वाऱ्याच्या एका झटक्यात लोळते." आज मी पुस्तकातून तेच शिकवते, की रोज हलवलेलं रोप उंची आवरते आणि जाडी धरते. पण तेव्हा मले एवढंच दिसे की रोपांच्या वाट्याले तुझा हात येते आणि माझ्या वाट्याले वेणी घालताना कंगव्याचा टोला येते. तरी रोपांचं मी सोडून दिलं असतं. रोपं झाली की तोच हात तू त्या पोरीच्या डोक्यावरून फिरवायची. बाजूच्या क्वार्टरमधली, बाप कारखान्यात कोक ओव्हनच्या भट्टीत शिफ्टवर, आई लहानपणीच गेलेली. तू काय म्हणशील मले पाठ आहे, "तिले आई नाही वो." अगं, पण मले होती ना! मग मी काय गुन्हा केला होता?

तू आम्हा दोघींले टमाटरचं एकेक घमेलं दिलं होतं. बी नुकतंच फुटलं होतं, दांड्या मान वाकवून मातीतून वर येत होत्या. त्याच आठवड्यात गोंदियाले लग्न निघालं आणि तू तिले घेऊन गेली. मले ठेवलं. माझी परीक्षा होती, बाबांचा डबा होता, तिले पाहायले घरी कोणी नव्हतं, सगळं खरं आहे. जाताना सांगून गेली, "दोन्ही घमेल्यांवर हात फिरवजो." दुर्गवरून तुमची गाडी सुटली असेल नसेल, मी तिच्या घमेल्यावर दुसरं रिकामं घमेलं उपडं घातलं. मरू दे म्हटलं. चार दिवस फक्त माझ्या रोपांवर हात फिरवला.

पाचव्या दिवशी तुमची रिक्षा दिसली तशी धावत मागं गेली, झाकण काढलं आणि पाहतच राहिली. मरतात कुठची! माझ्या रोपांच्या दुप्पट उंच. पिवळी, मऊ, नुसती दांडीच दांडी, पानं मात्र मिटलेली. ती टाळ्या पिटत नाचायले लागली, "काकी, देखो, मेरा दीदी से भी लंबा!" तुले रंग पाहूनच कळलं. "हो वो, तुझंच लंबं," तू तिले म्हणाली. ती घरी गेल्यावर माझ्याकडं वळली. "अंधारात टाकलं का रोप उजेड शोधायले सगळा जीव दांडीत घालते. बियातलं होतं नव्हतं खाऊन बसते. अजून काही दिवस ठेवलं असतं तं मेलं असतं." आवाजही चढवला नाही. दोन थपडा मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती लोळलेली रोपं तू उजेडात थोडी हिरवी होऊ दिली आणि मग पार पानांपर्यंत मातीत पुरली. टमाटरच्या दांडीले माती लागली की तिथूनच नवी मुळं फुटतात. आणि माझं नशीब बघ, तिच्याच झाडांले जास्त टमाटर लागले! त्याची चटणी तू केली. मी त्या दिवशी नुसतं वरण खाल्लं.

आता कोहक्यात तिची नर्सरी आहे. मागच्या रविवारी मिरचीची रोपं आणायले गेली तर ती ट्रेवरून हात फिरवून राहिली होती. हुबेहूब तू, करंगळी जराशी वर. माझी करंगळी तशी राहत नाही, आई. मी घरी करून पाहिलं. एका गिऱ्हाइकाले सांगत होती, "मेरी काकी ने सिखाया." मेरी! मले पाहून हात पुसत आली, स्टूल दिला, चहा मागवला. म्हणाली, "दीदी, काकी की एक फोटो दे दो ना, यहाँ लगाऊँगी. मेरे पास एक भी नहीं है."

मी म्हटलं, "नहीं है. सब पानी में खराब हो गई."

खोटं बोलली. एक आहे, मागच्या अंगणातला, बाबांच्या दोस्तानं काढलेला. तू बसलेली, ती तुले चिकटून उभी, मी कुठंच नाही. त्या दिवशी घरी येऊन कैची घेतली. म्हटलं, तिले कापून काढते आणि तुझा एकटीचा तिले नेऊन देते, लाव म्हणते भिंतीवर. पण तुझा हात तिच्या खांद्यावर आहे. तिले कापलं तर तुझा हात जाते. कैची ठेवून दिली. फोटो मात्र अजून दिला नाही.