ओढ्यातली चार अंडी

अहो,

आलात की आधी जेवून घ्या. भाकरी दुरडीत हाय, ठेचा तव्यावरच ठेवलाय. सा महिन्यांनी ऊसतोडीवरनं तुमी येनार आन् मी घरात न्हाई, म्हनून रागावू नका. आपल्या खालच्या कोरड्या ओढ्यात टिटवीनं चार अंडी घातलीत. धनगराची मेंढरं आज तिथूनच जानार, म्हनून राखत बसलेय.

दरसाली चैतात आपन दोघंच हुडकायचो. अंडी उंच बांधावर असली की पाऊस लई, खाली असली की कमी, हे तुमीच शिकवलंत. औंदा तिनं ओढ्याच्या पार तळाला घातलीत. गावात मी कुनाला बोलले न्हाई. पाऊस न्हाई म्हनजे दसरा झाला की तुमी परत कोयता घेऊन जानार.

काल वाटलं, उचलून बांधावर ठेवावीत. वाकलेबी हुते. पन टिटवी डोक्यावर अशी वरडायला लागली, की हात मागं घेतला.

ओढ्यात उतरताना खाली बघून या, अंडी दगडासारखीच दिसत्यात.

आन् जेवन ऱ्हाऊ द्या. सांजच्याला दोघं खाऊ. तसंच या.

रेश्मा