मागं ढकललेला भाऊ

पिरनवाडी

प्रिय महादेवदादा,

पाकिटावर माझं नाव बघून चकित झाला असशील. सख्खी चुलत बहीण असून मी तुला पहिल्यांदाच लिहितेय. दोनदा फोन लावला आणि तू उचलायच्या आत बंद केला. फोनवर सांगण्यासारखं नाही हे.

गेल्या महिन्यात चिकोडीचे एक प्राध्यापक, वीरेंद्र, घरी आले होते. सिंगापूर पडल्यावर जपान्यांच्या कैदेत गेलेल्या आपल्या भागातल्या सैनिकांची माहिती ते जमवतायत. यादीत माझे आप्पा भावकू आणि तुझे वडील भरमूकाका एकाखाली एक होते. त्यांनी विचारलं, एकाच आईची पोरं, एकाच पलटणीत, मग एक आझाद हिंद फौजेत गेला आणि दुसरा का नाही गेला?

मी आमच्या घरातलं ठरलेलं उत्तर दिलं. आप्पा शपथेला जागले, काका फिरले, म्हणून भावाभावांत बोलणं तुटलं. तुमच्याकडं उलटं सांगत असतील, भावकू गोऱ्यांचा राहिला म्हणून. प्राध्यापक लिहून घेऊन गेले आणि मला चैन पडेना. कारण मी त्यांना खोटं सांगितलं होतं.

खरं आप्पांनी मला अठ्ठ्याण्णव साली, जायच्या आधी आठ दिवस सांगितलं. छावणीच्या मैदानात सगळ्यांना उभं केलेलं. फौजेत यायचं असेल त्यांनी पुढं या, असा पुकारा झाला. काका पुढं गेले. पाठोपाठ आप्पा निघाले, "दादा, मीबी येतो." काकांनी वळून त्यांच्या छातीवर हात ठेवला आणि सगळ्यांदेखत मागं ढकललं. "तू न्हाय. तू हितंच ऱ्हा." बस, एवढंच बोलणं. परत भेट झाली ती चार वर्षांनी, गावी जांबोटीच्या घरात.

फौजेत न गेलेल्यांना जपान्यांनी लांबच्या बेटावर विमानतळ बांधायला नेलं. तिथं उपासमारीनं माणसं मेली. आप्पांचा जोडीदार शामू त्यांच्या मांडीवर गेला. शपथ पाळणाऱ्यांच्या पंगतीत बसायचं आणि मन पलीकडच्या फौजेत, अशी तीन वर्षं काढली त्यांनी. परत आल्यावर गावानं इमानी म्हणून हार घातला आणि काकांकडं पाठ फिरवली. काका निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला गेले. आप्पांनी त्यांना थांबवलं नाही. मला म्हणाले, "भित्रा समजला त्यो मला. त्योच राग हाय, मंगल. शपथेचं कोण बोलतंय!"

तेव्हापासून मी विचार करतेय, काकांनी का ढकललं असेल? घरी आई एकटी होती म्हणून, दोघांतला एक तरी माघारी यावा म्हणून? की आप्पा एकोणीस वर्षांचे, त्यांचा भरवसा वाटला नाही? की नव्या फौजेचं काय होणार याची काकांनाच खात्री नव्हती, आणि तरीही ते गेले? तुझ्याजवळ कधी बोलले का रे?

आता जे लिहायला बसले ते लिहिते. आप्पांनी मला निरोप दिला होता. "दादाला जाऊन सांग, मला तुझ्यासंगट यायचं होतं. बाकी कायबी राग न्हाय." काका तेव्हा निपाणीत धडधाकट होते. एसटीनं अडीच तासांची वाट. मी गेले नाही. माझे भाऊ रागावतील, आपण का वाकायचं, असं म्हणत वर्ष काढलं आणि काका गेल्याची बातमी आली. हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. परवा वीरेंद्रांकडून कळलं की तुझी आई, मालुकाकी, अजून आहेत, पंच्याण्णव वर्षांच्या, आणि ऐकू चांगलं येतं. रविवारी येते. काकांसाठी दिलेला आप्पांचा निरोप त्यांना तरी सांगू दे. तू नको म्हणालास तरी येणार आहे, दादा. एकदा गप्प बसले, तेवढं पुरे झालं.

तुझीच धाकटी बहीण,
मंगल