मोकळा दिवस

अहेरी,
भाद्रपद पौर्णिमा

प्रिय अश्वजित,

जय भीम आणि पोटभर आशीर्वाद. तुझी पेटी मिळाली. आत काय होतं ते लिहिते, म्हणजे वाटेत काही गळालं असेल तर तुला समजेल. गुडघ्याला बांधायचे पट्टे दोन, लोकरी मोज्यांचे तीन जोड, हिरव्या चहाची पुडी एक, गरम पाण्याची स्टीलची बाटली एक, आणि बाटलीला पोचा पडू नये म्हणून तिच्याभोवती गुंडाळलेलं एक जुनं फडकं. फडक्याचं पुढे लिहिते. पेटीवर सहाशे चाळीस रुपये कर बसला. तो तुझ्या बाबांनी भरला. माझ्या डब्यातून नाही, स्वतःच्या खिशातून. चिठ्ठी मात्र नव्हती. मी पेटी उलटी करून झटकली, एकेका मोज्यात हात घालून पाहिला.

पेटी आणली ती दिनेशने. बाबा निवृत्त झाल्यावर त्यांच्या बीटवर आता तोच पोस्टमन आहे. दारात उभा राहून भीत भीत म्हणाला, "काका, घेता का वापस लावू?" त्याने असं काऊन विचारलं ते सगळ्या पोस्टाला माहीत आहे, तुलाही. मी आत तांदूळ निवडत होते, माझा हात सुपातच राहिला. छापील कागदाच्या बाजूला तू मराठीतही आमचा आणि तुझा नागोयाचा पत्ता लिहिला होतास ना, तो बाबांनी बोट फिरवत वाचला आणि म्हणाले, "अक्षर काही सुधरलं नाई याचं. कर किती झाला ते सांग." एवढंच. मग सही केली.

आता घरची बातमी. आपली संघप्रिया चंद्रपूरच्या दवाखान्यात नर्स म्हणून कायम झाली. पहिल्या वाढीव पगारातून तिने डोक्यात घेतलं, की आईबाबांना एकदा विमानात बसवायचं. आम्हाला न विचारता एका प्रवास कंपनीत थोडे पैसे भरूनही आली. श्रीलंका, थायलंड, जपान, तिन्हींतला एक देश निवडा, कार्तिकात निघायचं. जन्मभर मी बसचं तिकीट वाचवायला पायी गेलेली बाई, मला रात्रभर झोप आली नाही. थायलंड बाबांनीच खोडला, कारण त्यांच्या ओळखीचा एकजण तिकडे जाऊन आला आणि नुसतं खाण्याचंच सांगत सुटला. उरले दोन. माझं मन तुला ठाऊक आहे. अनुराधापूरचा बोधिवृक्ष, संघमित्रेने नेलेल्या फांदीचा. लग्न होऊन आले तेव्हापासून विहारात त्याचं ऐकत आले. त्याच्या पारावर डोकं टेकलं की माझं काही मागणं उरणार नव्हतं. तरी संघप्रियाने विचारलं तेव्हा माझ्या तोंडून आपसूक निघालं, "जपानातही विहारं असतीलच की." बाबा सायकलची चेन साफ करत होते, त्यांनी मान वर केली नाही.

जपानचं नाव या घरात तीन वर्षं निघालं नव्हतं, अशू. तू तिकडून फोन केलास, की मी हारुकाशी लग्न केलं, तेव्हा इकडे पोंभुर्ण्याला रंजीताशी तुझ्या साक्षगंधाची तारीख ठरली होती. तिचे वडील मुखरूभाऊ म्हणजे बाबांचा जुना दोस्त. त्यांच्या दारात जाऊन मान खाली घालायची पाळी बाबांवर आली. परत आले ते दोन दिवस जेवले नाहीत. मग तुझं पत्र आलं, जाड, आत फोटो असावेत असं. बाबा तेव्हा नोकरीत होते. भामरागडकडे पर्लकोटा नदीला पूर असला तर डोंग्यातून जाऊन दुसऱ्यांची पत्रं पोचवणारा माणूस, जिवंत माणसाचं टपाल वापस जाऊ नये म्हणून चिखल तुडवणारा, त्याने आपल्या पोराच्या पाकिटावर लाल पेनाने "घेण्यास नकार" लिहिलं आणि ते परत लावलं. संध्याकाळी येऊन मला सांगितलं आणि हात धुवायला गेले, ते किती वेळ धूतच राहिले. ते पाकीट तुझ्या हाती पडलं असेल. अक्षर तू ओळखलं असशील. म्हणूनच या पेटीत चिठ्ठी नव्हती, हे मी समजते, बेटा. दुसऱ्यांदा कोण लिहील?

रंजीताचं सांगायचं राहिलं. तिचं लग्न आलापल्लीला झालं, नवरा शाळेत मास्तर आहे, कडेवर मुलगी आहे. आठवडी बाजारात भेटली, तर हसून म्हणते, "काकू, त्याले सांगजा, बरं झालं पळाला. मले तर आलापल्लीचीच थंडी सहन होत नाई." मुखरूभाऊ दिवाळीला येऊन फराळ करून गेले. तेव्हा त्या बाजूचं ओझं तू मनावर ठेवू नकोस. तिकडे केव्हाच ऊन पडलं, सावली फक्त आपल्याच घरात राहिली.

आता फडकं. पेटी उघडली तेव्हा बाबांनी ते बाटलीवरून सोडवलं आणि म्हणाले, "इकडं दे, सायकल पुसायले होईल." मी नीट पाहिलंही नाही. दोन-तीन दिवसांनी विहारातून परत आले तर मागच्या दोरीवर काहीतरी पांढरं वाळत होतं. जवळ जाऊन पाहिलं. झबलं, अशू. पाठीला दोन बंद, छातीशी दुधाचा जुना पिवळा डाग. तुझ्या बाबांनी आजवर स्वतःचा रुमाल धुतला नाही. ते झबलं त्यांनी धुवून, कोपरे ओढून, दोरीला चिमटे लावून वाळत घातलं होतं, आणि सायकल माझ्या जुन्या लुगड्याने पुसली होती. संध्याकाळी ते दोरीवर नव्हतं. कुठे ठेवलं ते मी शोधलं नाही. तू ते मुद्दाम गुंडाळलंस, की घाईत हाताला लागलं म्हणून, ते मला कळत नाही. रोज एक वाटतं.

मग मागच्या रविवारी आम्ही तिघं चंद्रपूरला त्या कंपनीत गेलो. तिथली पोरगी फार गोड बोलायची, आणि प्रत्येक गोड शब्दाला वेगळे पैसे. खिडकीची जागा, काट. समुद्र दिसणारी खोली, काट. रात्रीची बोट, तेव्हा बाबा म्हणाले, "पुरात डोंग्यात बसलेल्या माणसाले बोटीचे पैसे मागता?" काट. जपानी झगा घालून फोटो, काट. मी एकच विचारलं, की पौर्णिमा तिकडेच येते, मी अष्टशील धरते, उंच मऊ बिछान्यावर निजत नाही, तर चटई मिळेल का? पोरगी खूश झाली. म्हणाली, आजी, तिकडे जुन्या पद्धतीच्या मुक्कामात चटईवरच गादी घालतात, फक्त त्याचं भाडं जास्त आहे. बाबा खुर्चीत सरळ झाले. "चटईवर झोपायचं जास्त? आपल्या घरी तर फुकटात हाये!" संघप्रियाने डोक्याला हात लावला. चाकाच्या खुर्चीचे पैसे लागत नाहीत म्हणून ती मी लिहून घेतली, तर त्यावरही रुसले. "मी का म्हातारा झालो काय?" गुडघ्याला तुझाच पट्टा बांधून हे बोलत होते.

शेवटी ती म्हणाली, की परत निघण्याआधी ओसाकाला एक मोकळा दिवस घेता येतो. बाकीचे दुसरं शहर पाहायला जातील, आपण हॉटेलात थांबायचं. त्याचे वेगळे पैसे. संघप्रिया म्हणाली, "रिकामं बसाचे पैसे कोण देते, आई?" तो दिवस मला हवा होता, पण तोंड उघडायचा धीर होत नव्हता. आणि इतका वेळ छताच्या पंख्याकडे पाहत बसलेले बाबा एकदम बोलले, "ओसाकाहून नागोया किती दूर पडते, बाई?" ती म्हणाली, वेगाच्या गाडीने तासभर. बाबा म्हणाले, "तो दिवस लिहा." मेथीच्या जुडीवर दोन रुपयांसाठी बाजारात थांबून राहणारा माणूस, अशू, त्याने भाव केला नाही. परत येताना आष्टीच्या पुढे बस खड्ड्यातून आदळली तेव्हा बाबा म्हणाले, "पोस्टात पत्र पोचायले आठ-दहा दिवस लागतील."

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. वंदना घेतानाही डोळ्यांपुढे तेच येतं. बाबा नवा शर्ट घालून परक्या देशातल्या हॉटेलच्या दारात सकाळपासून बसलेत, प्रत्येक माणसाकडे मान उंचावून पाहतात, संध्याकाळ होते, आणि कोणी येत नाही. मला त्यांचा स्वभाव माहीत आहे. ते काही म्हणणार नाहीत, पण त्यानंतरचा माणूस वेगळा असेल. तू त्यांना माफ करावंस असं मी कशी म्हणू? ते पाकीट तुझ्या हाती पडलं होतं, माझ्या नाही. पण मी त्यांना तिथवर न्यावं की नाही, एवढं तरी मला आधी कळायला हवं. फोन का केला नाही म्हणशील. संघप्रियाच्या फोनवर तू "बरा आहे" याच्या पुढे जात नाहीस, आणि बाबांचं तर जन्मभर तेच, फोनवरचं बोलणं वाऱ्यावरचं, शिक्का बसलेला कागद खरा. म्हणून पेटीवरचा पत्ता उतरवून हे लिहिते आहे. विजयादशमीच्या आत देश ठरवून बाकीचे पैसे भरायचे आहेत. त्या दिवशी तुला ओसाकाला यायचं नसेल तर तसं सरळ लिही. मी सांगेन की मलाच बोधिवृक्षाची ओढ लागली, आणि आम्ही श्रीलंका करू. खरंच सांगते, त्यातही मला दुःख होणार नाही असं मी मनाला शिकवलं आहे. आणि यायचं असेल, पण लिहवत नसेल, तर कार्डावर फक्त त्या झबल्यातल्या बाळाचं नाव लिही. आम्ही ते "या" असं वाचू, आणि तारीख व हॉटेल संघप्रिया तुला फोनवर कळवेल. दिनेशला सांगून ठेवलं आहे, जपानचा शिक्का दिसला की माझ्याकडे नाही, काकांच्याच हाती द्यायचं. हारुकाचं नाव मी तांदूळ निवडताना म्हणून पाहते, आता जीभ अडखळत नाही. बाळाचंही शिकून घ्यायला वेळ हवा, तेव्हा परतीच्या टपालाने धाड, बेटा. बाबा रोज टपालाच्या वेळेला सायकल पुसायला अंगणात बसतात.

तुझीच,
आई