नवव्याला कुणी कळवलं?

दि. ४ एप्रिल

ती. सौ. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

छकुली मजेत आहे. दात पडलाय, तरी बोलणं काही थांबत नाही. तारांगणात दुपारच्या खेळाला मीच निवेदन करते. परवा चुकले. अंधार झाला, घुमटावर सूर्य उगवला आणि मी सवयीने ‘नऊ ग्रह’ म्हणून गेले. साहेब रागावले. नववा, म्हणजे प्लूटो, कधीच वगळलाय. तो सूर्याभोवती फिरतो, स्वतःच्या वजनाने गोल झालाय; पण आपल्या वाटेवरची गर्दी त्याला हटवता आली नाही. म्हणून ग्रह नाही, असं जाणकारांनी सभेत मतं घेऊन ठरवलं. घरी येईपर्यंत माझे डोळे भरून येत होते.

घटस्फोटाचे कागद झाले. तुमचे चिरंजीव म्हणतात, माझा आता त्या घराशी संबंध नाही. सुट्टीत मी यावं, की छकुलीला एकटीलाच पाठवावं? असेल ते स्पष्ट कळवा.

आजवरचा लोभ पुरेसा मानीन.

आपली,
छकुलीची आई

दि. ११ एप्रिल

चि. सूनबाईस,
अ. उ. आ.

कागद वाया नको म्हणून तुझ्याच पत्राच्या पाठीवर लिहिते. तुझा प्रश्नही आपोआप परत येईल.

दुपारी माळ घेऊन बसले, तर नामाऐवजी तुझा नववाच डोळ्यांपुढे फिरू लागला. एवढासा, गारठलेला, काळोखातून सावकाश चाललेला. यादीतून काढल्याचं त्याला कुणी कळवलं का गं? तुझे मामंजी म्हणाले, शोध लागल्यापासून त्याची एक फेरीसुद्धा पुरी झालेली नाही. मग एवढी घाई कसली होती? आणि वाटेवरच्यांना हटवलं तरच मोठेपणा, हे मला पटत नाही. आपल्या ओट्यापाशी आपण दोघी वर्षानुवर्षं एकमेकींच्या कोपरांना लागत वावरलो. भांडी पडली, तोंडं फुगली, पण कुणी कुणाला बाहेर काढलं नाही.

रविवारी चिरंजीव आले होते. तुझी खोली रिकामी करा म्हणाले, त्यांचं सामान ठेवायचंय. पोटभर जेवू घातलं आणि मग सांगितलं की संसार तुम्ही दोघांनी मोडलात, माझं मत कुणी घेतलं नव्हतं. सून येणार, तिच्याच खोलीत राहणार. त्या दिवसांत तू येऊ नकोस, असंही त्याला बजावलं. जाताना फाटकापाशी वळून बघतो नेहमी, या खेपेला बघितलं नाही. पोटचा आहे, लागलं मला. म्हणून म्हणते, सुट्टी लागली की लगेच या. दोघीही.

माझ्यावर माया असू दे.

तुझी,
आई