तितौआताईने घेतलेलं माप

फारे, हुआहिने
२२ नोव्हेंबर २०१४

प्रिय तितौआताई,

तुला आणि रायातेआच्या सगळ्यांना नमस्कार. आम्ही मजेत. तिहोनीने छपराचे पत्रे बदलले आणि उतरताना शिडी बदलायला हवी होती हेही त्याला कळलं. नीरफणस यंदा इतके लागलेत की डुकरंसुद्धा तोंड फिरवतात. माझं अक्षर वेडंवाकडं आहे, पण माझंच आहे, तेव्हा नावं ठेवू नकोस.

फोन केला की तुझा मुलगा सांगतो, आई अंघोळीला गेलीय. इतक्या अंघोळी करशील तर विरघळशील, बाई! म्हणून पत्र. मधे थोडं शिवणकामही केलं. काय शिवलं ते सांगेन.

मागच्या आठवड्यात पपीतेच्या इस्पितळात तपासणीसाठी गेले होते. स्वतःच्या पायांनी दारातून आत गेले तेव्हा डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठल्याच. त्यांना विचारलं, "तो झिकाचा ताप अर्ध्या गावाला आला. अंगावर पुरळ, डोळे लाल, चार दिवसांत सगळे बरे. ताईचे डोळे तर माझ्यापेक्षा लाल होते. मग हातपाय माझेच का गेले?"

त्या म्हणाल्या, "घरी कुत्री आहेत ना? समज, चोर आला, कुत्र्यांनी पळवून लावला. पण चोराचा वास त्यांच्या नाकात बसला, आणि तसलाच वास तुझ्या नवऱ्याच्या सदऱ्याला येत होता. मग कुत्री त्यालाच चावत सुटली. तुझ्या शरीराची राखण करणाऱ्यांनी असंच केलं. विषाणू गेला आणि ते तुझ्याच नसांवर तुटून पडले."

"नक्की?"

"बहुतेक. शपथेवर नाही सांगत. सगळ्यांनाच असं का होत नाही, ते आम्हालाही अजून पुरतं कळलेलं नाही."

तिहोनी मध्येच म्हणाला, "माझ्या सदऱ्याला माशाचा वास येतो, चोराचा नाही!" डॉक्टरीणबाई हसून बेजार झाल्या.

आता तुझं-माझं. तुला वाटलं मला काही कळत नाही. इस्पितळात घशात नळी, पापणीही हलेना, मी मेल्यासारखी पडलेली. पण ताई, मला ऐकू सगळं यायचं, आणि अंगाला हात लागला की कळायचं. त्या दुपारी तू माझ्या कपाळापासून टाचेपर्यंत वितीने मोजत आलीस. नर्सला वाटलं मालिश करते आहेस. पलंगावरच्या गोधडीसाठी पलंग मोजतात. माणूस कशासाठी मोजतात, हे आपल्या बेटावर पोरांनाही ठाऊक आहे.

मला असा राग आला! प्रार्थना करत होते ती अर्धी टाकून मनातल्या मनात तुला शिव्या घातल्या. छाती अजून खालीवर होतेय आणि हिने मला गुंडाळून पुरायची गोधडी बेतायला घेतलीसुद्धा? बघतेच कशी गुंडाळतेस! लोकांच्या रक्तातून काढलेलं ते औषध शिरेतून चढत होतं, त्याचे उपकार आहेतच. पण थोडे त्या रागाचेही मानते.

घरी आल्यावर ती गोधडी सापडली. तू राहायचीस त्या खोलीत, टोप्यांच्या पेटीत, अगदी तळाशी, अर्धवट, सुई तशीच टोचलेली. लाल कापडावर पांढरी फुलं. आईचा नमुना, जो तू सख्ख्या सुनेलाही बघू देत नाहीस. आणि टाके इतके बारीक, की माझ्या लग्नाच्या गोधडीलाही तू असे घातले नव्हतेस. पेटीशीच बसून मी रडले. मला इस्पितळाच्या चादरीत जाऊ द्यायचं नव्हतं तुला, एवढंच होतं ते. मग मी बरी झाले आणि तू शरमेने रायातेआला पळालीस. वेडे, माझ्या जगण्याची कसली शरम?

बोटांच्या व्यायामाला मला मणी उचलायला दिले होते. मणी ठेवले बाजूला आणि तुझीच सुई घेतली. पहिले पंधरा दिवस फक्त ती धरायलाच शिकले. तुझा टाका कुठे संपतो आणि माझा कुठे सुरू होतो, ते आंधळ्यालाही कळेल. तेरेमू मावशी म्हणाली, "उसव आणि नीट घाल."

"मेले तरी उसवणार नाही."

"मेली नाहीस म्हणून तर बोलतेय!"

गुरुवारी शेवटचा टाका घातला. काल काठी घरी ठेवून धक्क्यापर्यंत चालत गेले. टरबुजं विकणाऱ्या बायकांनी अशा आरोळ्या ठोकल्या की बोटीवरचे पाहुणे त्या आपल्यालाच समजून हात हलवायला लागले. मी तिथे उभी राहिले. समोर तुझं रायातेआ स्वच्छ दिसत होतं. मला तू हवी आहेस, ताई. बाकी सगळं परत मिळालंय.

गोधडी पूर्ण झाली, पण ती आडव्या माणसाच्या मापाची आहे. आपल्यात मानाच्या माणसाला उभं करूनही पांघरतात ना? मावशी पांघरायला निघाली होती, मी हातही लावू दिला नाही. ज्या हातांनी मोजलं, त्याच हातांनी पांघरायची. येत्या शनिवारच्या बोटीने ये. खाली थोडी लोळेल, लोळू दे.

धक्क्यावर उभी असणारी,
तुझी धाकटी
तेउरा