भर कोर्टातलं गाणं

गोंदिया, १९३२

तीर्थरूप मामाजी,

वकील झालेला तुमचा मुलगा दंडारीच्या नाचणाऱ्या-गाणाऱ्यांत बसतो, म्हणून तुम्ही आमच्याकडे येणं सोडलं.

काल कामठ्याच्या दंडारवाल्यांचा खटला होता. ते ‘मालका, तलावाचं पाणी सोड’ असं गायले आणि पोलीस म्हणाले, मालक म्हणजे सरकार, हा राजद्रोह. ह्यांनी काळ्या कोटातच अख्खं गाणं न्यायाधीशांसमोर म्हणून दाखवलं. ते धानाची रोपं लावताना म्हणायचं, रोवणीचं निघालं! सगळे सुटले.

बाहेर म्हाताऱ्या पुनारामनं विचारलं, “वकीलसाहेब, हे गानं कोठं शिकले जी?”

“माहे बाबा रोवणीत गात होते,” एवढं बोलून हे तिथंच रडले.

तुम्हाला कळवू नको, असं ह्यांनी बजावलंय. म्हणून हे पत्र मी टाकणार नाही. पण मामाजी, एकदा येऊन जा.

तुमची सून,
पुष्पा