मिकुमीचं वडाप

३ जाने., शनि.
रफिकच्या गाडीला दोन शीटं कमी, म्हणून स्टँडबाहेर नुसतेच उभे. वडाप, म्हंजे शीटामागं भाडं घेणारी जीप, भरल्याबिगर हलत नाही, हा रफिकचा धर्म. मी दारात लोंबकळून "गडहिंग्लज, गडहिंग्लज" ओरडतो. सध्या हेच काम. दिवाळीपासून टिकलोय, माझ्या मानानं लईच.
ओरडून ओरडून दमलो, फोन काढला. हत्ती. टांझानियातलं जंगल, नाव मिकुमी. एकट्यानं जीप घेतली तर बापजन्मात परवडायची नाही. पण खाली कुणीतरी लिहिलेलं, सहाजण मिळून घ्या, स्वस्त पडतं.
सहाजण मिळून. म्हंजे वडापच की!
रफिकला दाखवलं. तो म्हणाला, "शीटं तू भर. ड्रायव्हरशेजारची माझी."

५ जाने., सोम.
जेवताना वडलांना, आबांना सांगितलं, सफारीला जायचं म्हणतोय.
"शीव की. लग्नाकार्यात घालाय हुईल. पण राखाडी घे, मळत न्हाय."
शिवायची सफारी नव्हे, जंगलातली, आफ्रिकेतली, असं सांगितल्यावर आबांचा घास हातातच.
"लडाखला गेलतास न्हवं? इंदुरातनं परत आलास."
आलो खरा. इंदुरात पोहे बरे होते, मग एकजण भेटला, त्याच्या गावची जत्रा होती, मग... हंपीला निघालो तेव्हाही बेळगावातच राहिलो. आबा म्हणाले, "तुझी गाडी शेवटच्या स्टॉपला कधी लागलीया?"
हसून म्हणाले, पण लागलं. ही एक तरी न्यायची शेवटपर्यंत.

११ जाने., रवि.
दत्तूमामाकडे, गंगावेशीत. आईचा थोरला भाऊ. म्हशींशिवाय दुसरा विषय नाही. पाडव्याला म्हशीला मोराची पिसं बांधून मोटरसायकलमागं पळवतो.
"सिंव्ह काय बघायचा त्यात? सर्कशीत बघितलाय. पडलेलाच असतोय."
मग रानम्हशींचा व्हिडिओ लावला. सगळं माळरान काळं. मामाची कपबशी तोंडाजवळच थांबली.
"शिंगं बघ की रं. मधोमध भांग पाडल्यागत." जरा वेळानं, "आणि एवढ्यांची धार कोण काढतंय?"
कोणीच नाही, म्हटलं.
घरी निघालो तेव्हा गोठ्यातनं हाक, "माझं शीट धर!"

२५ जाने., रवि.
जुमाशी बोलणं झालं. तिकडचा गाडीवाला. स्वतःची एकच जीप, स्वतःच चालवतो. भाव बाकीच्यांपेक्षा कमी. सिनेमे बघून हिंदी शिकलाय, माझं इंग्रजी आणि त्याचं हिंदी मिळून एक भाषा होते. जुलैत या म्हणतो, तेव्हा गवत वाळतं, जनावरं दिसतात. मार्चअखेर नक्की सांगायचं, नाहीतर तारखा दुसऱ्याला.
निरोपाच्या शेवटी म्हणाला, "करीबू, रफीकी." या, स्वागत आहे.
रफिक उडालाच. "ह्येला माझं नाव कसं कळलं?"
मी सांगितलं, त्यांच्यात रफीकी म्हंजे दोस्त. पटलं नाही त्याला. दिवसभर येईल त्या शीटाला सांगत होता, आफ्रिकेत वळख हाय म्हणून.

८ फेब्रु., रवि.
चंदगडला गेलतो, एका काजूवाल्याला आणि त्याच्या बायकोला पटवायला. दोघं तयार. यस्टी चुकली, म्हणून मग मुक्काम. मग दुसऱ्या दिवशी त्यांच्या मेव्हण्याच्या बागेत. मग तिसऱ्या... असो. मेव्हणापण येतो म्हणाला.
शाहूवाडीचा एक फोटोवाला आधीच धरलाय. म्हंजे मी, रफिक, मामा, काजूवाले दोघं, फोटोवाला, मेव्हणा. जुमाला सहा सांगितलेत. एकच वर. सरकून घेतील.

१७ फेब्रु., मंगळ.
पासपोर्टचे फॉर्म भरताना मामाला व्यवसाय विचारला. "म्हशी." दूध व्यवसाय लिहू का? "म्हशी लिही. दूध मागनं आलं."
आई शेंगा फोडत बसलेली. आपणहून म्हणाली, "दादा जाणार तर मग. जिराफ हाय का तिथं?"
"हाय."
"लांबनं दिसतोय?"
"लांबनंच दिसतोय. मान बघ की केवढी."
परत शेंगा. मग, माझ्याकडे न बघता, "एक शीट हाय का रं?"
आईनं ह्याआधी माझ्याकडे काय मागितलेलं आठवत नाही. आणि वडापात न्हाई म्हणायची रीतच नाही. बस, म्हटलं.
आठ.

५ मार्च, गुरु.
जुमाला लिहिलं, आठजण आहोत, अॅडजस्ट करा. लगेच त्याच्या आवाजात निरोप आला. "नो अॅडजस्ट, रफीकी! सहा लोग, सहा खिडकी. हाथी इधर, तुम उधर, तो क्या देखेगा? आगेवाले का डोकं?" (डोकं नाही म्हणाला, पण तेच म्हणायचं होतं.)
रफिक म्हणाला, "दोघंदोघं पाळीनं टपावर बसू." जुमाला विचारलं पण नाही. टपावर सिंहानं काय केलं असतं?
आता उतरवायचं कुणा दोघांना? मेव्हण्यानं टोपी घेतलीय. आईनं शेजारपाजारी सांगून टाकलंय. मीच उतरतो, आणि रफिक मैतर म्हणून माझ्याबरोबर. आबांना तेवढं कळू नये. परत इंदूर.

७ मार्च, शनि.
मामाला सांगितलं, मी येत नाही. मामानं बादली खाली ठेवली.
"गाडी तू भरलीस आणि तूच खाली? असलं वडाप मी न्हाय बघितलं."
"मग काय करू?"
"वडापवाला काय करतोय गाडी उतू चालल्यावर?"
मी म्हटलं, कोंबतो.
"ते लबाड. चांगला काय करतोय?"
मागं दुसरी गाडी लावतो, मी म्हटलं.

८ मार्च, रवि.
जुमाला खरं काय ते सांगितलं. वडाप म्हंजे काय, मी दारात कसा लोंबकळतो, न्हाई म्हणता येत नाही, आईनं शीट कसं मागितलं. लांबच लांब निरोप झाला. शेवटी ओरडूनच दाखवलं, "गडहिंग्लज, गडहिंग्लज!"
संध्याकाळी उत्तर. आधी नुसतं हसणं. मग तो पण ओरडायला लागला, भरभर, गावांची नावं, एका दमात! तिकडं पण हेच असतं. डालाडाला म्हणतात. भरल्याशिवाय सुटत नाही. जुमा पोरवयात त्याच्याच दारात लोंबकळायचा.
त्याच्या भावाची जीप आहे म्हणतो. दोन गाड्या, पाच-पाच शीटं असतील तर भाव तोच. सगळ्यांना खिडकी.
पाच न् पाच. दोन शीटं कमी!! मार्चअखेर हाताशी आलाय आणि मला नाचावंसं वाटतंय.

२० मार्च, शुक्र.
पिवळ्या तापाची लस टोचायला पुण्याला सगळी वरात. आईला वाटलेलं कावीळच ती, गावाकडनं पाला आणते म्हणत होती. मामानं सुई बघून डोळे मिटले. म्हशीला टोचताना तिचे डोळे झाकायचा म्हणे, तेच आता स्वतःला.
टोचणाऱ्या सिस्टरनं विचारलं, एवढे सगळे कुठं चाललाय? मामानंच सांगितलं, शिंगांसकट. आम्ही दारात पोचेपर्यंत मागनं हाक, "अहो, एक जागा असली तर सांगा."
पुण्याची असली तरी घेतली.
एक शीट कमी.

२८ मार्च, शनि.
जुमाचे दोन निरोप, कळव म्हणून. शाहूवाडीच्या फोटोवाल्याचा चुलता येतो येतो म्हणून फिरला. आबांना विचारलं. "म्हशी कुणी बघायच्या मग, दत्त्याच्या?" पण हसले नाहीत ह्या खेपेला. राखाडी कापड आणलंय, माझ्या मापाचं.
दुपारी स्टँडवर. ऊन मी म्हणत होतं. रफिकच्या गाडीलाही एकच शीट कमी. डोक्यात तेच घोळत होतं, ओरडायला तोंड उघडलं आणि निघालं, "मिकुमी, मिकुमी! एकच शीट, मिकुमी!"
रफिकनं कपाळाला हात लावला.
एक मावशी थांबली. हातात वांग्यांची पिशवी, पायात नवी चप्पल.
"कुठलं म्हणालास रं?"
"मिकुमी."
"निपाणीच्या अलीकडं का पलीकडं?"
"पलीकडं."
"लई पलीकडं?"
"लईच."
मावशीनं आत वाकून बघितलं. रफिककडे, माझ्याकडे, परत आत. मग पिशवी खाली ठेवली.
"खिडकी मिळंल न्हवं?"